अक्षांश-रेखांश माणसाला वाचता येतील असे कसे दाखवावेत: मोबाइल ॲप करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर फिरून कांदळवनांच्या आणि पक्ष्यांच्या नोंदी घेणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आम्ही एक छोटे ॲप चालवतो. प्रत्येक नोंदीखाली त्या जागेचे अक्षांश-रेखांश एका ओळीत येतात आणि आमच्याकडे आलेल्या शंकांपैकी बऱ्याचशा या एका ओळीबद्दलच होत्या. ७३ अंश पूर्व हे रेखावृत्त ऐरोलीजवळून आणि वाशीतून जाते. त्यामुळे इतर शहरांत कदाचित वर्षानुवर्षे दडून राहिले असते असे काही दोष आमच्यासमोर पहिल्याच पावसाळ्यात आले. तसेच काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ही उत्तरे लिहिली आहेत.

फोन आकडा देतोच, मग तो जसाच्या तसा दाखवला तर काय बिघडते?

फोनची स्थानसेवा अक्षांश आणि रेखांश डबल या ६४ बिटांच्या संख्याप्रकारात देते. ती संख्या थेट मजकुरात जोडली, तर पडद्यावर ७२.९९८८००००००००००२ असे काहीतरी उमटते. दशांशचिन्हानंतरचा चौदावा अंक जमिनीवर मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागाएवढे अंतर दर्शवतो, तर मोकळ्या आकाशाखालीसुद्धा हातातल्या फोनची अचूकता साधारण पाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे त्या लांबलचक आकड्यातला अर्ध्याहून अधिक भाग निरर्थक असतो. तरीही वाचणाऱ्याला तो काटेकोर वाटतो, आणि आमचा खरा आक्षेप याच गोष्टीला आहे. साठवलेली संख्या आणि दाखवलेला मजकूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. संख्या आहे तशी जपावी, मजकूर मात्र वाचणाऱ्याचा विचार करून घडवावा.

दशांशचिन्हानंतर किती अंक ठेवावेत?

अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर भरतो. त्यामुळे दशांशानंतरचे चार अंक सुमारे ११ मीटरपर्यंत, पाच अंक सुमारे १.१ मीटरपर्यंत आणि सहा अंक सुमारे ११ सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतात. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आक्रसत जातो. आपल्या १९ अंश उत्तर अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर असतो, म्हणजे फरक थोडा आहे आणि अंकांची संख्या ठरवताना तो सोडून दिला तरी चालतो.

सर्वसाधारण फोनसाठी पाच अंक पुरेसे आहेत. सहावा अंक दाखवणे हे सर्वेक्षणाची खास उपकरणे जोडलेल्या ॲपनेच करावे. त्याहून चांगला मार्ग असा, की स्थानासोबत फोन जी अचूकता मीटरमध्ये कळवतो ती पाहून अंकांची संख्या ठरवावी. अँड्रॉइडवर हा आकडा म्हणजे एका वर्तुळाची त्रिज्या असते आणि खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के धरलेली असते. ती त्रिज्या १५ मीटर असेल, तर चार अंक आणि शेजारी ‘± १५ मी.’ असे लिहिलेले आम्हाला प्रामाणिक वाटते. वापरणाऱ्याने फक्त अंदाजे स्थानाची परवानगी दिली असेल, तर दोनच अंक दाखवावेत. ही सोय आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर आवृत्ती १२ पासून आहे. अँड्रॉइडचे अंदाजे स्थान सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या परिसरापुरतेच असते आणि त्यापुढे पाच अंक लिहिणे म्हणजे चुकीची माहिती देणे होय.

साठवण करताना ३२ बिटांचा फ्लोट हा आखूड संख्याप्रकार वापरू नये. ७३च्या आसपास त्याच्या लागोपाठच्या दोन संख्यांमधले अंतर जमिनीवर सुमारे ८० सेंटिमीटर पडते आणि पाचवा अंक तेथेच विश्वासार्ह राहत नाही.

दशांश अंश, अंश-मिनिटे की अंश-मिनिटे-सेकंद? यांपैकी कोणते रूप निवडावे?

वाशी स्थानकाजवळचा एकच बिंदू तिन्ही रूपांत असा दिसतो:

१९.०६३१०° उत्तर, ७२.९९८८०° पूर्व
१९° ०३.७८६′ उत्तर, ७२° ५९.९२८′ पूर्व
१९° ०३′ ४७.२″ उत्तर, ७२° ५९′ ५५.७″ पूर्व

पहिले रूप संगणकाला आणि नकाशांच्या शोधपेटीला सोयीचे आहे. तिसरे आपल्याला शाळेच्या भूगोलापासून ओळखीचे आहे, कारण भारतीय प्रमाणवेळेचे रेखावृत्त आपण ८२° ३०′ पूर्व असेच पाठ केलेले असते. पंचांगात यालाच अंश, कला, विकला म्हणतात, पण भूस्थानासाठी मिनिटे आणि सेकंद हेच शब्द रूढ आहेत. मधले रूप समुद्रावर चालते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर, त्यामुळे होडीवरच्या जीपीएस संचाला तेच सोयीचे पडते.

हे मधले रूपच आमच्याकडे सर्वांत मोठ्या गोंधळाचे कारण ठरले. एका स्वयंसेवकाने खाडीतल्या होडीवरच्या संचावरून आकडे वहीत उतरवताना अंशाचे चिन्ह आणि मधली मोकळी जागा गाळली. घरी आल्यावर त्यांनी ॲपमध्ये १९.०३७८६ आणि ७२.५९९२८ असे भरले. अक्षांश पावणेतीन किलोमीटर दक्षिणेला सरकला, रेखांश मात्र तब्बल ४२ किलोमीटर पश्चिमेला गेला आणि कांदळवनाची नोंद मुंबई ओलांडून अरबी समुद्रात जाऊन बसली. दोष त्यांचा नव्हता. आमच्या पेटीत आकडा कोणत्या रूपात भरायचा हे कुठेच लिहिलेले नव्हते.

तेव्हापासून आम्ही मूळ रूप म्हणून दशांश अंश ठेवले आहेत आणि उरलेली दोन रूपे मांडणीच्या पर्यायांत दिली आहेत. कोणतेही रूप असले, तरी अंशाचे चिन्ह आणि दिशा कधीही गाळत नाही. आकडा भरून घेताना तिन्ही रूपांसाठी वेगवेगळ्या पेट्या असतात आणि भरलेली जागा लगेच नकाशावर दाखवली जाते.

दशांश अंशांचे मिनिटे-सेकंदांत रूपांतर करताना मध्येच ६० सेकंद का दिसतात?

बहुतेक जण हे रूपांतर पायरीपायरीने करतात. आधी पूर्ण अंश काढायचा, उरलेल्या भागाला ६० ने गुणून मिनिटे काढायची, पुन्हा उरलेल्याला ६० ने गुणून सेकंद काढायचे आणि शेवटी छापताना सेकंदांचे पूर्णांकन करायचे. चूक या शेवटच्या पायरीत आहे. ७२.९९९९९ हा रेखांश घ्या. अंश ७२, मिनिटे ५९ आणि सेकंद ५९.९६४ निघतात. एका दशांशापर्यंत पूर्णांकन केले की ७२° ५९′ ६०.०″ असे उमटते. असे कोणतेही रेखांश नसते. योग्य उत्तर ७३° ००′ ००.०″ आहे.

उपाय सोपा आहे. पूर्णांकन सर्वांत आधी करावे आणि पुढचे सारे काम पूर्णांकांत करावे. सेकंदाचा एक दशांश दाखवायचा असेल, तर संख्येची चिन्हरहित किंमत ३६,००० ने गुणावी आणि जवळच्या पूर्णांकावर आणावी. वाशीच्या बिंदूसाठी ७२.९९८८ गुणिले ३६,००० म्हणजे २६,२७,९५६.८, पूर्णांकात २६,२७,९५७. याला ३६,००० ने भागले की भागाकार ७२ येतो, तेच अंश. बाकी ३५,९५७ राहते. तिला ६०० ने भागले की ५९ मिनिटे मिळतात आणि उरलेले ५५७ म्हणजे ५५.७ सेकंद. या मार्गाने ६० सेकंद किंवा ६० मिनिटे कधी उमटूच शकत नाहीत.

हा दोष दुर्मीळ आहे असे समजू नये. पूर्ण सेकंद दाखवणाऱ्या ॲपमध्ये प्रत्येक मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या सेकंदात तो उमटतो, म्हणजे सरासरीने दर १२० अक्षांशांमागे एकदा आणि तितक्याच रेखांशांमागे एकदा. नोंद या दोन्हींची असते, त्यामुळे साधारण साठातली एक नोंद बिघडते. आमच्या वाशीच्या त्या बिंदूपासून पूर्वेला सव्वाशे मीटर चालत गेले की ७३ अंशांचे रेखावृत्त लागते. तेथे मिनिटांसोबत अंशही बदलतो, म्हणून चूक चटकन नजरेत भरली, इतकेच.

वजा चिन्ह दाखवावे की दिशा?

माणसासाठी दिशा, यंत्रासाठी चिन्ह. दोन्ही एकत्र लिहू नयेत, कारण ‘-३३.८७° दक्षिण’ याचा अर्थ काय घ्यायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे राहते.

महाराष्ट्रात बसून ॲप करणाऱ्याला ऋण संख्या भेटतच नाहीत, म्हणून येथे एक सूक्ष्म चूक राहून जाते. लंडनचा रेखांश -०.१२७८ आहे. त्याचा पूर्ण अंश शून्य आणि शून्याला चिन्ह नसते. पूर्ण अंशाच्या अधिक-वजा चिन्हावरून दिशा ठरवणारे ॲप लंडनला ०° ०७′ ४०″ पूर्व असे सांगते, वस्तुतः ते पश्चिम आहे. दिशा नेहमी मूळ संख्येवरून, रूपांतराच्या आधी ठरवावी.

मराठीत दिशांची आद्याक्षरे वापरावीत का?

आमचे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. ‘पू.’ आणि ‘प.’ यांत केवळ एका ऊकाराचा फरक आहे. फोनच्या लहान अक्षरांत, भर उन्हात आणि चष्म्याविना तो ऊकार सहज नजरेतून सुटतो आणि अर्थ थेट उलटा होतो. पडद्यावर जागा कमी असली तरी ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ हे शब्द पूर्ण लिहावेत. आकडा आणि दिशा यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घालावी, म्हणजे ‘पूर्व’ हा शब्द एकटाच खालच्या ओळीवर जाणार नाही.

आकडे देवनागरीत दाखवावेत का? मराठी फोनवरून आलेल्या नोंदी सर्व्हर का नाकारतो?

हे दोन प्रश्न वेगळे वाटले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. युनिकोडच्या लोकेल माहितीत, म्हणजे कोणत्या भाषेत आणि प्रदेशात अंक वगैरे कसे लिहितात याच्या नोंदींत, मराठीसाठी देवनागरी अंक हीच मूळ निवड आहे, हिंदीसाठी मात्र ती तशी नाही. त्यामुळे अँड्रॉइडवर स्ट्रिंग फॉरमॅट हे फंक्शन लोकेल न सांगता वापरले आणि फोनची भाषा मराठी असली, तर उत्तर १९.०६३१० असे देवनागरी अंकांत मिळते. वाचायला ते उत्तमच आहे. तोच मजकूर सर्व्हरला पाठवला की अडचण सुरू होते.

आमच्याकडे हेच घडले. ठाण्यातल्या काही ज्येष्ठ स्वयंसेवकांनी फोन मराठीत लावलेले होते आणि फक्त त्यांच्याच नोंदी पोहोचत नव्हत्या. ज्यांनी मराठीचा आग्रह धरला त्यांचेच काम वाया जावे, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटले. शोधायला वेळ लागला, कारण वेगवेगळ्या भाषा या अंकांशी वेगवेगळ्या वागतात. जावाचे पूर्णांक वाचणारे पार्स-इंट देवनागरी अंक स्वीकारते, पण दशांश संख्या वाचणारे पार्स-डबल ते नाकारते. जावास्क्रिप्टचे नंबर ‘संख्या नाही’ असे उत्तर देते. पायथनचे फ्लोट मात्र ते अंक विनातक्रार वाचते. त्यामुळे आमच्या पायथनमधल्या चाचणीत सारे सुरळीत दिसत होते.

नियम असा ठेवावा: साठवण्यासाठी, पाठवण्यासाठी आणि दुव्यासाठी जो मजकूर तयार होतो, त्याला लोकेल स्पष्टपणे द्यावे. अँड्रॉइडवर ते रूट लोकेल असेल, आयओएसवर नंबर फॉरमॅटर वापरताना अमेरिकी इंग्रजीचे पॉझिक्स लोकेल. ही दोन्ही फोनच्या भाषेनुसार बदलत नाहीत. पडद्यावरच्या मजकुराला वापरणाऱ्याचे लोकेल द्यावे आणि मराठी फोनवर देवनागरी अंक खुशाल दाखवावेत. हाच नियम जर्मन फोनलाही वाचवतो. तेथे दशांशासाठी स्वल्पविराम असतो, आणि अक्षांश व रेखांश यांच्यामध्ये पुन्हा स्वल्पविराम आला की दोन संख्यांच्या चार होतात.

आधी अक्षांश की आधी रेखांश?

पडद्यावर आधी अक्षांश. आयएसओ ६७०९ हे आंतरराष्ट्रीय मानक हाच क्रम सांगते आणि लोकांना सवयही त्याचीच आहे. माहितीच्या देवाणघेवाणीत मात्र क्रम बदलतो. २०१६ सालच्या आरएफसी ७९४६ या इंटरनेट मानकानुसार जिओजेसन या नकाशा-माहितीच्या फाइलप्रकारात रेखांश आधी येतो आणि केएमएल या दुसऱ्या फाइलप्रकारातही तसेच आहे.

भारतात ही अदलाबदल विशेष फसवी ठरते. मुख्य भूमीचे रेखांश सुमारे ६८ ते ९७ अंशांच्या दरम्यान आहेत आणि त्यांतले बहुतेक ९० च्या आतले आहेत. त्यामुळे उलटा क्रम पडला तरी ‘अक्षांश ९० च्या आत आहे का’ ही नेहमीची तपासणी तो पकडत नाही. वाशीचे आकडे उलटे भरले की ७२.९९८८ उत्तर, १९.०६३१ पूर्व अशी जागा मिळते. ती नॉर्वेचे उत्तर टोक आणि बेअर बेट यांच्यामधल्या थंड समुद्रात आहे. म्हणून फक्त भारतात वापरल्या जाणाऱ्या ॲपने अक्षांश ६ ते ३८ आणि रेखांश ६८ ते ९८ या चौकटीबाहेरचा आकडा आल्यास वापरणाऱ्याला विचारावे. दोन्ही आकड्यांसमोर ‘अक्षांश’ आणि ‘रेखांश’ हे शब्द लिहिले, तर चुकीची शक्यता आणखी कमी होते.

चिन्हे कोणती वापरावीत?

अंशासाठी युनिकोडमधले अंशाचेच चिन्ह घ्यावे. त्याच्यासारखे दिसणारे वरचे छोटे वर्तुळ आणि स्पॅनिशमधला वर लिहिलेला ओ ही वेगळी अक्षरे आहेत आणि शोध घेताना ती जुळत नाहीत. मिनिट आणि सेकंद यांसाठी प्राइम व डबल प्राइम ही चिन्हे आहेत, त्यांचे हेक्स क्रमांक २०३२ आणि २०३३. कीबोर्डवरची सरळ अवतरणचिन्हे वापरणाऱ्याने टाइप केली, तर ती मात्र निमूटपणे स्वीकारावीत.

प्लॅटफॉर्मवर यासाठी तयार फंक्शन नाही का?

अँड्रॉइडच्या लोकेशन वर्गात कन्व्हर्ट नावाचे आहे. ते वाशीच्या अक्षांशाचे १९:३:४७.१६ असे रूप देते. त्यात दिशा नाही, चिन्हे नाहीत, मिनिटांपुढे शून्य नाही, आणि दशांशाची मांडणी फोनच्या लोकेलवर अवलंबून राहते. लॉगसाठी ते ठीक आहे, माणसासाठी नाही. आयओएसवर हे काम स्वतःच लिहावे लागते. वर सांगितलेले पूर्णांकांचे गणित वीस-पंचवीस ओळींत मावते.

पडदावाचकाने हा मजकूर नीट वाचावा यासाठी काय करावे?

पडदा मोठ्याने वाचून दाखवणारे टॉकबॅक (अँड्रॉइड) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोन) ही चिन्हे कशी उच्चारतील यावर विसंबू नये. दिसणाऱ्या मजकुराशिवाय उच्चारासाठी वेगळा मजकूर द्यावा: ‘अक्षांश १९ अंश, ३ मिनिटे, ४७ सेकंद उत्तर’. मराठीत एकवचन आणि इतर असे दोनच वर्ग सांभाळावे लागतात. ‘१ मिनिट’ आणि ‘३ मिनिटे’ यांत फरक पडतो, ‘अंश’ आणि ‘सेकंद’ तसेच राहतात.

येथेच दशांश रूपाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. मराठीतले एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे शब्द गर्दीत किंवा फोनवर ऐकताना एकमेकांत मिसळतात. ठाणे स्थानकाच्या पुलावर उभे राहून कोणी ‘पूर्णांक एकोणसत्तर’ सांगितले, तर पलीकडचा काय लिहून घेईल याची खात्री नाही. म्हणून दशांशानंतरचे अंक सुटे उच्चारावेत: शून्य, सहा, तीन, एक. आमच्या ॲपमध्ये ‘मोठ्याने वाचा’ हे बटण असेच वाचते.

जुन्या नकाशावरच्या आकड्यांशी ॲपचे आकडे जुळत नाहीत. ही मांडणीतली चूक आहे का?

नाही. फोन डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भप्रणालीत स्थान देतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिकृतीवर, आधारलेले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची नकाशांची खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आहे. जुन्या नकाशावरून आकडे उतरवायचे असतील, तर आधी प्रणालीचे रूपांतर करावे लागते, मजकुराची मांडणी बदलून उपयोग नाही.

आकड्यांऐवजी पत्ता किंवा सांकेतिक क्रमांक दाखवला तर?

रस्त्यावर पत्ता उत्तमच. कांदळवनात मात्र पत्ता नसतो, आणि जवळच्या सेक्टरचे नाव दाखवले तर माणूस काठावरच शोधत राहतो. म्हणून पत्ता वर आणि अक्षांश-रेखांश खाली, असे दोन्ही ठेवावेत.

गुगलने २०१४ मध्ये आणलेला प्लस कोड दहा चिन्हांत सुमारे १४ मीटरचा चौकोन सांगतो. त्यातही ७३ अंशांची रेषा आडवी येते. तिच्या पश्चिमेकडच्या वाशीचा कोड ७जेएफजे असा सुरू होतो आणि पूर्वेकडच्या तुर्भ्याचा ७जेएफएम असा, त्यामुळे पहिली चार चिन्हे गाळून आखूड कोड देताना सोबत गावाचे नाव लिहावेच. भारतीय टपाल खात्याचा २०२५ मध्ये आलेला डिजिपिन दहा चिन्हांत सुमारे चार मीटरचा चौकोन देतो. दोन्ही सांगायला सोपे आहेत, पण अक्षांश-रेखांशांत पाहणाऱ्याला दोन जागांमधले अंतर डोळ्यांनी अंदाजता येते, तसे यांत येत नाही.

कॉपी केल्यावर कोणता मजकूर जावा?

जो पुन्हा कुठेही चिकटवता येईल तो: आंतरराष्ट्रीय अंक, दशांश अंश, आधी अक्षांश, मध्ये स्वल्पविराम. पडद्यावर देवनागरी अंक असले तरी कॉपी होताना हेच जावे. दुसरे ॲप उघडायचे असेल, तर आरएफसी ५८७० मधला जिओ दुवा वापरावा. त्यातही अक्षांश आधी असतो आणि अनिश्चितता मीटरमध्ये सांगण्याची सोय असते.

चाचणी कोणत्या बिंदूंवर घ्यावी?

७२.९९९९९ आणि ७३ हे रेखांश, १८.९९९९९ हा अक्षांश, लंडन, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असलेले क्विटो, दोन्ही आकडे शून्य असलेला बिंदू, आणि १८० अंशांच्या दोन्ही बाजू. हे सारे मराठी, इंग्रजी आणि जर्मन भाषेत लावलेल्या फोनवर पाहावे.

त्यानंतर एक चाचणी माणसांवर घ्यावी. एकाने खाडीकाठी उभे राहून पडद्यावरचा मजकूर फोनवरून सांगावा, दुसऱ्याने तो कागदावर लिहावा आणि तिसऱ्याने कागदावरून ॲपमध्ये भरावा. पिन मूळ जागेपासून दहा-पंधरा मीटरच्या आत पडली नाही, तर कागद आणि पडदा शेजारी ठेवून कोणता अंक, कोणते चिन्ह किंवा कोणती दिशा वाटेत बदलली ते पाहावे आणि मांडणी तेथे दुरुस्त करावी.